डायनामोचं सासर

"दारू पिता का?"

सोपानतात्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलेला हा पहिला प्रश्न. आम्ही गेलो होतो मोटारीचा डायनामो घ्यायला. कंपनीतल्या एका साहेबाने वापरून टाकलेली जुनी विलायती गाडी आमच्या ह्यांनी मोठ्या हौसेने घेतली होती, आणि घेतल्या दिवसापासून ती पिंपरीतल्या आमच्या घरापुढे उभी होती. चालू व्हायचं नावच घेत नव्हती. कुणीतरी म्हणालं, डायनामो गेलाय, त्यामुळे बॅटरी भरत नाही, रहाटणीच्या रस्त्याला सोपानतात्या आहेत, ते मोडक्या गाड्या खोलतात, त्यांच्याकडे मिळेल. म्हणून गेलो.

"नाही," हे म्हणाले.

"सनासुदीला?"

"नाही हो."

"कंपनीत हायसा न्हवं? मंग रातपाळी असती का? गाडी रातभर भाईर दवात भिजत आसंल."

"जनरल शिफ्ट आहे."

"घरी गाडीवर छप्पर हाय?"

"पत्रे टाकलेत."

"सोताचं का भाड्याचं?"

"घर भाड्याचं, पत्रे स्वतःचे," हे घाम पुसत म्हणाले.

"गाडी कोन कोन चालीवनार? भाऊबंद मागाय येत्यात का?"

इथे मला हसू आवरेना. माझ्या वडिलांनी मला ह्यांच्या गळ्यात घातली तेव्हा दोनच गोष्टी विचारल्या होत्या, नोकरी पर्मनंट आहे का आणि सायकल स्वतःची आहे का. एवढी चौकशी माझ्या वेळी झाली असती तर मी कदाचित अजून माहेरीच असते.

तात्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. उंच, काटक देह, गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर, डोक्यावर टोपी आणि टोपीच्या घडीत खोचलेला एक पाना. "हसू नगा, बाई," ते म्हणाले. "कुनाच्या बी गळ्यात लेक बांदायची न्हाई आपल्याला. इचार करून कळवतो."

आणि पैसे देऊन एक वस्तू घ्यायला गेलेलो आम्ही नवरा-बायको, मुलगी बघून परतणाऱ्या पाहुण्यांसारखे हात हलवत घरी आलो. पुढचे काही दिवस हे कंपनीतून आले की पहिलं विचारायचे, "काही निरोप?" आपल्याला नकार येतो की काय, अशी त्यांना खरोखरच धास्ती पडली होती. शेवटी दूधवाल्याबरोबर निरोप आला, "स्थळ पसंत हाय. घेऊन जावा."

न्यायला गेलो तर डायनामो धुऊनपुसून नव्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला. वर कुंकवाचं बोट. तात्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून ह्यांच्या ओंजळीत दिला आणि म्हणाले, "सुखानं नांद गं बाई." मग ह्यांना, "जावईबापू, हिला वलीत ठिवू नगा. आवाज करायला लागली तर हातोडी घेऊन बसू नगा, आदी बेरिंग बगा."

मी नगरपालिकेच्या शाळेत मराठी शिकवणारी बाई. मला राहवलं नाही. म्हटलं, "तात्या, डायनामो पुल्लिंगी आहे."

"तुमच्या साळंत आसंल," तात्या म्हणाले.

ही सत्तरच्या आसपासची गोष्ट. त्या वेळी पिंपरी-चिंचवडात जिकडे बघावं तिकडे नवीन कंपनी उभी राहत होती आणि प्रत्येक कंपनीत काही ना काही जोडलं जात होतं. सकाळी भोंगा झाला की सायकलींची रांग लागायची ती जोडणाऱ्यांची. मोडणारे तात्या. ते पूर्वीचे शेतकरी. जमीन कंपनीसाठी गेली, रस्त्याकडेची एक पट्टी उरली. त्या पट्टीवर एकदा एक मोटार येऊन उलटली. पंचनामा झाला, माणसं वाचली, पण मालकाने "आता हिचं काय करू, तुम्हीच ठेवून घ्या" म्हणून हात झटकले. तात्या सांगायचे, "मी रोज सकाळी तिच्याकडं बगायचो. म्हनलं, पुढून चेपलीया, पर मागून धडधाकट हाय. निम्मी बाई जिवंत आन् हे म्हनत्यात मेली." मग ते एका मिस्त्रीकडे जाऊन खोलकाम शिकले, आणि त्या पट्टीवर मोडक्या गाड्यांचं आवार उभं राहिलं.

त्यांना भंगारवाला म्हटलेलं चालत नसे. एका माणसाने रस्त्यावरून "ओ भंगारवाले" अशी हाक मारली तर तात्यांनी आत बसूनच उत्तर दिलं, "तो पुढच्या गल्लीत राहातो." त्यांचं म्हणणं असं, की गाडी मरत नाही. तिचं घर मोडतं. आणि घर मोडलं तरी पोरीबाळींना कुठेतरी नांदायला पाठवावंच लागतं.

गाडी आवारात आली की पहिले काही तास हातोडी कुणी उचलायची नाही. आधी गाडी रिकामी करायची. इंजिनाचं ऑइल एका डब्यात, पेट्रोल दुसऱ्यात, ब्रेकचं तेल तिसऱ्यात. बॅटरी सगळ्यात आधी बाहेर. तिचं ॲसिड म्हणजे तात्यांच्या भाषेत "तापट मानूस, त्याला पयला गप करायचा". त्यासाठी आवाराच्या कोपऱ्यात पक्का बांधलेला हौद होता आणि त्यात चुना. हायवेच्या कडेचे बाकीचे गाडी मोडणारे सरळ गाडी कलती करायचे आणि तेल ओढ्यात सोडून द्यायचे. तात्या मुद्दाम सायकलवरून तिथे जाऊन भांडायचे. "वढा कुटं जातो? पवना नदीला. पवनंत आमची म्हसरं पानी पित्यात. तुमच्या गाडीचं तेल माज्या म्हशीनं का प्यायचं?" एकाने उलट विचारलं, तुमच्याकडे म्हशी कुठे उरल्यात आता? तात्या म्हणाले, "दुसऱ्याच्या आसतील. म्हस ती म्हस."

जळकं ऑइल गावातली माणसं न्यायची, घराच्या वाशांना वाळवी लागू नये म्हणून लावायला. टायर पिंपरी कॅम्पातल्या चपला करणाऱ्याकडे जायचे. गाद्यांमधला काथ्या, काचा, तांब्याची तार, पितळ, शिसं, सगळ्याचे वेगळे ढीग. तार जाळून तांबं काढायला त्यांची सक्त मनाई. एका कामगाराने एकदा गुपचूप तारेच्या गुंडाळ्याला काडी लावली, तर तात्यांनी आग विझवली, त्याच्या हातात चाकू दिला आणि उरलेलं रबर सोलत बसवलं. "ज्वारीचं कनीस सोलताना जाळतो का?" असं वर विचारलं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, भोसरीच्या फाउंड्रीत वितळायला जायचं आणि पत्रा दाबून भट्टीला. शेवटी गाडी होती त्या जागी तेलाचा डागसुद्धा राहायचा नाही. वर भुसा टाकून झाडून काढायचे.

पण हे सगळं उरलेल्या मालाचं. जे भाग चांगले निघत, त्या तात्यांच्या लेकी. आणि त्यांच्यात कुणी आजारी निघाली तर ती सासरी जाणार नाही, याविषयी ते फार कडक होते. चाकणकडचा एक ट्रकवाला एकदा स्टेअरिंगचा रॉड मागायला आला. तात्यांकडे होता, पण त्याला बारीक तडा गेलेला.

"वेल्डिंग मारून घेतो की, तात्या," ट्रकवाला म्हणाला.

"आन् उतारावर हिनं मान टाकली तर?"

"बघू तेव्हाचं तेव्हा."

"तवा तुमी बगायला आसनार का?" तात्यांनी विचारलं, आणि तिथल्या तिथे गॅस कटर पेटवून रॉडचे दोन तुकडे केले. तात्यांनी त्याला बसवून चहा पाजला आणि दुसरं स्थळ सुचवलं, म्हणजे दुसऱ्या गाडीचा चांगला रॉड.

आणखी एकदा काळा चष्मा लावलेला एक गृहस्थ आला. त्याला काहीच नको होतं, फक्त एका पार चेंदामेंदा झालेल्या गाडीची नंबरप्लेट आणि चासीवरच्या नंबराचा तुकडा हवा होता. कशाला हवा, हे चष्म्याआडूनही कळत होतं. कुठलीतरी चोरीची गाडी त्या नंबरावर चालवायची असणार. तात्या म्हणाले, "मेलेल्याच्या नावानं दुसराच मानूस उभा करता व्हय?" आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्यांनी प्लेट ऐरणीवर ठेवून हातोड्याने तिची पानाच्या विड्यासारखी घडी केली. गृहस्थ तरातरा बाहेर पडला, पण त्याची स्वतःचीच गाडी चालू होईना. शेवटी तात्यांनीच मागून धक्का दिला. "पावना रिकाम्या हातानं गेला, म्हनून काय ढकलायचं बी न्हाई?" असं मला नंतर सांगत होते.

तर डायनामो घरी आला त्या दिवसापासून आमचे हे तात्यांचे जावईबापू झाले. आणि हे काही एकटेच नव्हते. पिंपरी, रहाटणी, काळेवाडी, भोसरी असे सगळीकडे तात्यांचे जावई पसरलेले. कुणाकडे गिअरबॉक्स दिलेली, कुणाकडे रेडिएटर, कुणाकडे नुसताच हॉर्न. एकदा पिंपरी स्टेशनाबाहेर भाजीचा टेम्पो चालवणारा दगडू कांबळे आणि दवाखान्यातले एक डॉक्टर यांच्या गाड्या एकमेकींना घासल्या. दोघेही खाली उतरून हातवारे करू लागले. गर्दी जमली. तेवढ्यात तात्या सायकलवरून आले.

"आरं आरं, काय चाललंय हे? साडू-साडू रस्त्यात भांडता?"

"कोण साडू?" डॉक्टर म्हणाले.

"तुमी दोगं. तुमचा मागला ॲक्सल आन् ह्याची क्लचप्लेट एकाच काळ्या गाडीची. सख्ख्या भनी हायत्या त्या. एका घरच्या लेकी केल्यात तुमी दोगांनी."

गर्दी हसायला लागली. डॉक्टरही हसले. तात्यांनी दोघांना समोरच्या हॉटेलात नेऊन चहा पाजला आणि समेट करून दिला. गंमत म्हणजे तेव्हापासून डॉक्टर दगडूला खरंच साडू म्हणू लागले. पुढे दगडूची आई आजारी पडली तेव्हा डॉक्टरांनी नर्सला सांगितलं होतं म्हणे, की ह्या बाईंकडे नीट बघा, साडूची आई आहे.

दर रविवारी तात्या स्वच्छ धोतर नेसून लेकींना भेटायला निघत. सायकल भिंतीला टेकवायची, बॉनेट उघडायचं, गाडी चालू करायला लावायची आणि कान लावून ऐकायचं. "बरी हाय. जरा वाळलीया, पर बरी हाय." मग ग्रीसचं बोट इकडेतिकडे लावायचं. दिवाळीत ते ग्रीसचा छोटा डबाच घेऊन आले, "माहेरचा फराळ" म्हणून. नंतर हातपाय धुऊन बसायचे, आणि जे पुढे येईल ते खायचे. आमच्याकडे पिठलं-भाकरी त्यांना फार आवडायची. चहा दोनदा लागायचा. आपण दिलेल्या रेडिएटरच्या घरी कांदाभजी झकास मिळतात, हॉर्नच्या घरी मात्र चहा पाणचट, अशी त्यांची सगळ्या सासरांविषयी मतं होती.

तात्यांना खरी लेकही होती. शकू तिचं नाव. तिच्या लहानपणीच आई वारली, आणि मोडक्या गाड्यांच्या त्या आवारात तात्यांनीच तिला वाढवलं. वेण्यासुद्धा तेच घालायचे, असं जुनी माणसं सांगतात. मोशीला चांगल्या घरी दिली. जावई विठ्ठल, भोसरीच्या एका कारखान्यात कामाला, सरळ माणूस. त्याची चौकशी तात्यांनी किती केली असेल याची कल्पना मी आमच्या डायनामोवरून करू शकते. सगळं छान होतं. पण लग्नाला बरीच वर्षं झाली तरी शकूला मूल झालं नव्हतं.

आणि तात्यांकडची रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही.

ही रीत मलाही ऐकून ठाऊक होती. तिचा खरा अर्थ मला शकूने सांगितला. ती माहेरपणाला आली होती आणि माझ्याकडे मटार सोलत बसली होती. सोलता सोलता म्हणाली, "बाई, तात्यास्नी तुमी एक सांगशीला? मोशीला येऊ नका म्हनावं."

"का गं?" मी विचारलं.

"आलं की वट्यावर बसत्यात," शकू म्हणाली. "उंबऱ्याच्या आत याचं न्हाई. पिशवीतनं आपला फिरकीचा तांब्या काढत्यात, त्यातलं पानी पित्यात. घेनार न्हाईत ह्ये ठावं आसून मी चा ठिवते. मंग गार झाला की परसात वतते. गावातल्या बाया इचारत्यात ते मी सोसते, बाई. सासूबाई बी काय वंगाळ न्हाईत. पर तात्या तो तांब्या काढत्यात ना, तवा समद्या आळीला दवंडी पिटल्यागत व्हतं, हिला अजून पोर न्हाई म्हनून. माजा सोताचा बाप दवंडी पिटतो. त्यापरीस न आलेलं बरं. आता आलं तर मी भाईर येनार न्हाई."

तिचे डोळे कोरडे होते. मटार मात्र सालींच्या ढिगात पडत होते आणि साली भांड्यात.

मी चौथीच्या वर्गाला शिकवायची. साठ पोरांसमोर उभी राहणारी बाई मनात काही ठेवू शकत नाही, ठेवलं तर आजारी पडते. पुढच्या रविवारी तात्या आले. डायनामोची तब्येत पाहिली, समाधानाने मान हलवली, हातपाय धुऊन बसले. मी चहा दिला. त्यांनी बशीत ओतून भुरके मारले आणि म्हणाले, "अजून थोडा हाय का, बाई?"

"आहे," मी म्हटलं. "पण एक विचारू का? आमच्या डायनामोला अजून मूलबाळ झालेलं नाही. तुम्ही इथला चहा कसा घेता?"

आमचे हे इतके दचकले की त्यांच्या हातातली बशी लवंडली. तात्यांनी आपली बशी खाली ठेवली.

"रीत हाय, बाई," ते म्हणाले.

"कुणाची?"

"बापजाद्याची."

"तुमच्या बापजाद्यांनी कधी गिअरबॉक्सची पाठवणी केली होती? ती रीत तुम्ही काढलीत ना? गावभर चालतेय. इतक्या लेकींच्या घरी जेवता, एकीच्याच घरी घोटभर पाणी चालत नाही. आणि तुमची शकू काय म्हणते ठाऊक आहे? येऊ नका म्हणते."

"आसं म्हनली?"

"असंच म्हणाली. आता आलात तर बाहेर येणार नाही म्हणाली."

तात्या उठले. टोपी नीट केली. बॉनेट उघडंच होतं, तेही न लावता सायकल घेऊन गेले. हे मला दिवसभर बोलत होते. मला वाईट वाटलं का? वाटलं. म्हातारा माणूस तो. पण मी बोलले ते खरं होतं आणि आजही मी तेच बोलेन.

त्यानंतर रविवार आले नि गेले, तात्या फिरकले नाहीत. आवारात काम चालू होतं, पण काहीतरी बिघडलं होतं हे मला एका गिऱ्हाइकावरून कळलं. आमच्या आळीतला एक जण जीपचा गिअरबॉक्स घेऊन आला आणि चिंतेने मला म्हणाला, "बाई, तात्यांनी मला काहीच विचारलं नाही हो. दारू नाही, छप्पर नाही, काही नाही. नुसता उचलून दिला. माल बरा असेल ना?"

मी मनात म्हटलं, माल बरा आहे, बापाचं बरं नाही.

मग एका रविवारी सकाळी तात्या दारात. दाढी घोटलेली, नवं धोतर. "जावईबापू, गाडी काढा. मोशीला जायाचंय."

ह्यांनी एक शब्द विचारला नाही. मी शाळेच्या वह्या तशाच टाकून मागे बसले. तात्या पुढे. आमची गाडी त्या दिवशी पहिल्या झटक्याला चालू झाली, पण तात्यांनी कान लावून ऐकलंसुद्धा नाही. भोसरी आली. मग ते रस्त्याकडे बघत एकदम बोलायला लागले.

"तिची आई गेली तवा ही एवढीशी. मला तर बाईमानसाचं कायच ठावं न्हवतं. न्हाणं कसं घालायचं, कुटल्या सनाला काय करायचं, लगनात काय द्यायचं. शेजारच्या बायास्नी इचारून इचारून केलं समदं. आन् मनाशी ठरिवलं, उंद्या हिच्या सासरी कुनी म्हनाय नगं की बिनआईची पोर हाय, बापाला रीतभात ठावं न्हाई. म्हनून जेवढी रीत ठावं झाली तेवढी घट धरून बसलो. सोडायची कवा ते सांगनारं घरात कुनी न्हवतं."

ह्यांनी गाडी हळू केली. मी पदराने डोळे पुसले. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"तुमी बोलला ते लागलं, बाई," तात्या पुढे म्हणाले. "पर नीट बोलला."

मोशीच्या घरी ओट्यावर शकूच्या सासूबाई सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. "या इवाई, बसा," त्या म्हणाल्या, आणि पाहुणे म्हणून आम्हालाही सतरंजी टाकली. विठ्ठल गोठ्याकडून हात पुसत आला, पाया पडला. शकू मात्र बाहेर आली नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता तोही थांबला. म्हणजे तिने म्हटलं ते ती खरं करणार होती.

तात्या सवयीने ओट्यावर टेकले. टोपी काढली, पुन्हा घातली. मग उठून उंबऱ्याशी गेले आणि दाराची चौकट धरून उभे राहिले.

"शकू," त्यांनी आवाज दिला, "पानी दे प्यायला."

सासूबाईंचा सुपातला हात थांबला. "आवो इवाई," त्या हळूच म्हणाल्या, "अजून तिला..."

"ठावं हाय मला, इहीणबाई."

मग शकू मधल्या दारात आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. बाप पाणी मागतोय याचा तिने भलताच अर्थ लावला होता, हे मला तिच्या पहिल्या वाक्याला कळलं.

"तात्या," ती म्हणाली, "आशा सोडली व्हय तुमी माजी?"

"आशा कशापायी सोडू?" तात्या म्हणाले. "तान लागलीया, पोरी. लई वर्सांची."

शकू आत पळाली. येताना तिच्या हातात तांब्या-भांडं होतं आणि भांडं इतकं काठोकाठ भरलेलं की तिच्या पायांवर पाणी सांडत होतं. तात्यांनी उभ्या उभ्याच ते घटाघटा संपवलं. तिने पुन्हा ओतलं. त्यांनी तेही संपवलं. विठ्ठल गोठ्याकडे बघत उभा होता आणि उगीचच नाक ओढत होता. सासूबाई पुन्हा ज्वारी निवडायला लागल्या, पण खडे ठेवून ज्वारी टाकत होत्या.

तात्यांनी मिशा पुसल्या. "ग्वाड हाय गं तुमच्या हिरीचं पानी," ते म्हणाले.

शकू रडता रडता हसायला लागली. "हीर कवाच बुजली, तात्या. नळ आलाय आता. परसात."

कुठल्या गाडीचा कुठला भाग कुणाच्या घरी कसा नांदतोय, हे ज्यांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं, त्या तात्यांना आपल्या लेकीच्या घरी नळ आलाय हे ठाऊक नव्हतं. कुठून असणार? ओट्यावरून परस दिसत नाही.

त्यांनी भांडं शकूच्या हातात दिलं. मग म्हणाले, "कुटं हाय? बगू." आणि चपला काढून त्यांनी उंबरा ओलांडला. शकू पुढे, ते मागे. आतून आम्हाला नुसते आवाज ऐकू येत होते. ही चूल, हे धान्याचं कणिंग, ही खिडकी ह्यांनी नवी पाडली, असं शकू भराभरा दाखवत चालली होती आणि तात्या प्रत्येक गोष्टीला "बरं, बरं" म्हणत होते. मग परसातला नळ सुटल्याचा आवाज आला. बंद झाल्याचा आला. पुन्हा सुटल्याचा आला.

बऱ्याच वेळाने तात्या ओले हात धोतराला पुसत बाहेर आले.

"वायसर गेलाय नळाचा," त्यांनी विहीणबाईंना सांगितलं. "थेंब थेंब गळतुया. उंद्या येतो बसवायला."

विहीणबाईंनी सुपातून मान वर केली नाही.

"जेवायलाच या," त्या म्हणाल्या.